पायऱ्या एकशे त्रेसष्ट

वाल्पाराइसोत सपाट जागा दोनच:
खाली बंदराचा धक्का, वर कबरस्तान.
एकीकडे पहारेकरी, दुसरीकडे निजलेली माणसं,
दोघांनाही चेंडूचा आवाज खपत नाही.

म्हणून आम्ही उतारावर,
डोन्या एर्मेलिंदाच्या घरामागच्या बोळात.
भिंत पन्हाळी पत्र्याची, पिवळा रंग पोपडे धरलेला.
चेंडू नेमका मारला तरी परत कुठे येईल
ते पत्र्यालाही ठाऊक नसायचं.

मी वर, बाल्तासार खाली.
त्याला ना गोल करायचा होता, ना कुठल्या संघात जायचं होतं.
तो पायरीवर बसायचा पावाचा तुकडा घेऊन
आणि माझ्या पायातून निसटलेला अडवायचा,
बहुतेक वेळा बसूनच, गुडघ्याने.
वर मोजायचाही तोच.
"यास्ना, नडगीला लागला. तो धरत नाही."
"पण मी थांबवला ना?"
"नडगीने थांबवला. सतरा."
असला हिशेबनीस अख्ख्या डोंगरात नव्हता.

माझा डावा पाय तेव्हा सावत्र होता.
घरात होता, पण कामाला कोणी बोलवत नव्हतं.
बाल्तासारने खडूने पत्र्यावर वर्तुळ काढलं,
ताटाएवढं, पुढच्या आठवड्यात बशीएवढं,
आणि म्हणाला, उजवा उचललास तर मी घरी जाईन.
एकदा खरंच गेला.
मी एकटीनेच खाली उतरले, एकशे त्रेसष्ट पायऱ्या.
मासळीवाल्या ओस्वाल्दोने बर्फाच्या पेटीतून चेंडू काढून दिला.
दोन दिवस त्याला खवले चिकटलेले होते,
आणि आमच्या कुत्र्याने त्या दोन दिवसांत
फुटबॉलमध्ये प्रथमच रस घेतला.

मार्चमधली गोष्ट.
डावा पाय, चौतीस, पस्तीस, छत्तीस,
पत्रा घुमतोय, आतून डोन्या एर्मेलिंदा शिव्या घालतेय तालावर,
एक्केचाळीस.
बेचाळिसावा पन्हाळीच्या कडेला लागून तिरका उडाला,
माझ्या मागून बोळाच्या तोंडाशी, उताराला लागला.
बाल्तासार तिथेच बसलेला. गुडघा हलला नाही.
चेंडू त्याच्या बुटाला घासून गेला
आणि टप टप टप, वळणाआड.

"अरे!"
तो उठला, हात झटकले, "चल, दोघं जाऊ."
मधल्या कठड्यापाशी, सत्तराव्या पायरीवर असेल,
त्याने सांगितलं. बाबांना खाणीत काम मिळालंय,
कालामाला. शनिवारी ट्रक.
मी विचारलं, आज सांगायचं म्हणून सोडलास?
तो म्हणाला, वर बसून सांगता येईना.
उरलेल्या पायऱ्या आम्ही मोजल्या नाहीत.

नंतर बोळात मी आणि पत्रा.
खाली कोणी नाही म्हटल्यावर
पायाला आपोआप अक्कल येते.
चेंडू येतो तेव्हा मी पाय किंचित मागे घेते,
जशी आई उतू जाणारं दूध
चुलीवरून उचलून बाजूला घेते, घाई न करता.
तो पायाशी येऊन मरतो. उताराला कळतही नाही.
मोजते मीच, पण आवाज त्याचा काढून.
नडगीचे आजही धरत नाही.

रविवारी त्याचा फोन येतो.
"इथे सगळं सपाट आहे," तो सांगतो,
"नजर पोचेल तिथवर वाळवंट.
चेंडू सोडला की सोडला तिथेच राहतो.
इतकं कंटाळवाणं, यास्ना, की मीच लाथ मारायला लागलोय."
कोणाबरोबर, ते मी विचारत नाही.
"डाव्याने?" एवढंच विचारते.
तिकडे जरा वेळ शांतता,
मग भिंतीवर आपटल्याचा आवाज. वीट असावी, पत्रा नव्हे.
"चार," तो म्हणतो.
"पाचवा?"
"नडगी."

काल मी बेचाळीस केले.
त्रेचाळिसावा येताना दिसत होता, सोपा होता,
मी पाय तसाच ठेवला, बाजूला.
चेंडू गेला खाली,
मागोमाग मी, सावकाश, हात खिशात घालून.
वळणावरून दिसलं, ओस्वाल्दो पेटीपाशी वाट बघत उभा,
एका हातात चेंडू, दुसऱ्या हातात कापायचा राहिलेला मासा.